धंदा करायचाय? आधी दुसऱ्याच्या काउंटरवर उभे राहा

गल्लेकर

भाच्याने नोकरी सोडायचं ठरवलंय. कोथरूडला चहाची फ्रँचायझी घेणार. फी, गाळ्याचं डिपॉझिट, फर्निचर, पाटी सगळं धरून आठ लाखांचा आकडा एक्सेलमध्ये मांडून त्याने मला पाठवला. दिवसाला पाचशे कप, गुणिले कपामागचा नफा, गुणिले तीस. मी एवढंच म्हटलं की बाबा, आधी काही महिने कुणाच्या तरी चहाच्या दुकानात काम कर, पातेली घास, मग फी भर. त्यावरून बहिणीने बोलणं टाकलंय. "इंजिनियर मुलाला कपबशा विसळायला सांगतोस?" म्हणून इथे विचारतोय, माझं काय चुकलं?

हे मी का म्हणतो ते सांगतो. कॉलेज संपल्यावर मी सांगलीत एका हार्डवेअर-पेंटच्या दुकानात होतो. पगार सांगण्यासारखा नव्हता. पण पाइपात फारसं सुटत नाही, सुटतं ते एल्बो, टी, कपलर असल्या फिटिंगमध्ये, हे तिथे कळलं. पाइपाचा भाव माणूस चार दुकानांत विचारून येतो, एल्बोचा कुणी विचारत नाही. शेठ पाइप जवळजवळ खरेदीभावात सोडायचे, कारण फिटिंग त्याच्यामागून आपोआप जातंच.

दुसरं, पेंटच्या डब्यातलं टोकन. ते पेंटर काढून घेतो, त्याचे पैसे त्याला मिळतात. घरमालक टीव्हीवरची जाहिरात बघून येवो नाहीतर आणखी काही, डबा कुठला उचलायचा ते बहुतेक वेळा पेंटरच ठरवतो. म्हणजे पैसे देणारा एक आणि ठरवणारा दुसरा. शेठ पेंटरला चहा पाजायचे, घरमालकाला नुसता नमस्कार.

तिसरी उधारी. ठेकेदाराला उधार द्यावंच लागतं, नाहीतर तो समोरच्या दुकानात जातो. शेठचा नियम होता: नवीन माल हवा असेल तर आधीच्यातले निम्मे टाका. हे कुठल्या एक्सेलमध्ये बसवणार? भाच्याच्या तक्त्यात नासलेलं दूध नाही, न सांगता गावी गेलेला पोऱ्या नाही, समोरच्या ऑफिसातला "महिन्याचं एकदम देतो" म्हणणारा साहेबही नाही.

अर्धाशहाणा

साफ असहमत. तुम्ही त्या दुकानात जे शिकलात ते तुम्हाला लख्ख आठवतंय. पण मग तुमचं स्वतःचं हार्डवेअरचं दुकान का नाही झालं? प्रोफाइलवर तर बँकेतून निवृत्त लिहिलंय. राग मानू नका, पण माझा मुद्दा नेमका तोच आहे. दुसऱ्याकडे काम करून माणूस धंद्यातले धोके मोजायला शिकतो, आणि एकदा मोजायला लागला की उडी मारत नाही.

भाचा बहुधा पंचविशीत असेल. घराचा हप्ता नाही, मुलांची फी नाही. आठ लाख बुडाले तरी पुढच्या चार-पाच वर्षांत फेडेल. हाच प्रयोग चाळिशीत कोण करू देईल? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढती डावलली गेली तेव्हा राजीनामा देऊन बेळगावला परतले. बसले असते तिथेच अनुभव गोळा करत, तर किर्लोस्करवाडी झाली असती का?

शिवाय "शिकायला मिळतंय" म्हणत पोरांकडून बारा-बारा तास काम करून घेणारे मालक काही कमी नाहीत. तुम्ही त्यांना आयता मजूर पुरवताय.

गल्लेकर

बँकेत गेलो कारण वडील गेले आणि घरात पगार लागत होता. असो.

किर्लोस्करांचं उदाहरण उलट माझ्या बाजूचं आहे. मुंबईची नोकरी चालू असतानाच बेळगावला भावाच्या मदतीने सायकलींचा धंदा सुरू झाला होता. नोकरी सुटली तेव्हा हातात धंदा होता, आणि वर्षानुवर्षं यंत्रशाळेत काढल्यामुळे यंत्रं ओळखीची होती. तरीही त्यांच्या लोखंडी नांगराला गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमिनीत विष पसरतं असा शेतकऱ्यांचा समज होता. कोरी पाटी घेऊन आलेला माणूस दोन वर्षं तग धरतो का?

भोसरीकर

दोघांचंही अर्धंच पटलं. मी चाकणच्या एका कंपनीत व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकचलित मशीनवर होतो, मग सुपरवायझर, मग भोसरीत गाळा भाड्याने घेऊन एक जुनी मशीन टाकली. काम मला उत्तम येत होतं. रिजेक्शन नगण्य. पण नोकरीत मला मायक्रॉनचं माप शिकवलं, पेमेंट नाही शिकवलं.

मटेरियल पार्टीचं, आपली फक्त मजुरी, त्यामुळे भांडवल कमी लागेल असा हिशेब होता. पण बिल फाडलं की त्याचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, पार्टीने पैसे दिलेले असोत वा नसोत. पार्टी देणार नव्वद दिवसांनी. मध्ये दोन पगार, वीजबिल, मशीनचा हप्ता. म्हणजे काम जितकं वाढेल तितका खड्डा मोठा! ऑर्डर दुप्पट झाली त्या महिन्यात मी बायकोचे दागिने पतसंस्थेत ठेवले. धंदा मंद असताना ही वेळ कधी आली नव्हती.

तेव्हा गल्लेकर, नोकरी करावी हे ठीक, पण खुर्ची कुठली ते बघा. मी मशीनवर काढली तितकी वर्षं कंपनीच्या परचेसमध्ये किंवा अकाउंट्समध्ये काढली असती तर व्हेंडरला का लटकवतात, कुणाचं बिल आधी निघतं, बिलातून पैसे कापल्याची डेबिट नोट कधी येते, हे आतून दिसलं असतं. भाच्याला पातेली घासायला नका पाठवू. दुधाचा आणि पोऱ्यांचा हिशेब ज्याच्याकडे असतो त्या मॅनेजरच्या हाताखाली पाठवा.

ताळेबंद

भोसरीकर, कायदा तुमच्या बाजूने आहे. लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही, करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय आयकरात ४३बी(एच) आल्यापासून, म्हणजे आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा मिळतो. मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांची धावपळ बघा. लहान उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी करून घ्या, ती फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. (गल्लेकरांच्या शेठसारख्या निव्वळ व्यापाऱ्यांना मात्र या वसुलीच्या तरतुदींचा उपयोग नाही.)

भोसरीकर

नोंदणी आहे. व्याजाचं बिल एकदा लावून बघा आणि मग पुढची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, कधी येते तेही कळवा. 🙂

ताळेबंद

ते मान्य. पण सगळी कामं एकाच पार्टीची घेतली की असंच होणार. निम्म्याहून जास्त धंदा एका गिऱ्हाइकाकडून असेल तर तुम्ही त्याचे नोकरच आहात, फक्त पीएफ नाही.

खमंग

इथे सगळे पुरुष बोलताहेत म्हणून लिहिते. "आधी कुणाकडे तरी काम करा" हा सल्ला आमच्यासारख्यांना कुठे लागू पडतो? मुलं मोठी होईपर्यंत घरात होते. त्रेचाळिसाव्या वर्षी मला कुठला शेठ काउंटरवर उभं करणार होता? १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि लिज्जत सुरू झालं. त्यांना आधीचा अनुभव कुणी विचारला होता?

मी फराळाच्या ऑर्डरी घेते. माझी शाळा म्हणजे गिऱ्हाईकच. पहिल्या दिवाळीला चकलीचा भाव ठरवताना भाजणी, तेल, तीळ, गॅस धरला आणि वर थोडं ठेवलं. सगळ्यांनी वाहवा केली, ऑर्डरी संपेनात. लेकीने विचारलं, "आई, तुझे ताशी किती पडले?" काढलं तर घरी भांड्याला येणाऱ्या मावशींपेक्षा कमी. पुढच्या वर्षी भाव सरळ दीडपट केला. निम्मी गिऱ्हाइकं गेली, त्यातल्या बऱ्याचशा नात्यातल्या. उरलेल्यांत मला जास्त सुटलं आणि पाठही दुखली नाही. हे मला कुठल्या नोकरीत कळलं असतं? नोकरीत आपल्या तासाचा भाव दुसरा ठरवतो.

आणि हो, निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय भाजणी दळायला टाकत नाही. जाऊबाई असल्या तरी.

गल्लेकर

खमंगताई, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. पण तुमचं भांडवल एक कढई आणि एक सोऱ्या. भाव चुकला तर एक दिवाळी गेली. भाच्याचं तसं नाही, त्याला चूक कळेपर्यंत आठ लाख भिंतीला लागलेले असतील. लिज्जतच्या बायकांच्या पाठीशीही छगनबापा पारेख होते, हिशेब चोख ठेवा म्हणून मागे लागणारे. भाच्याचा छगनबापा कोण? फ्रँचायझी विकणारा सेल्समन?

अर्धाशहाणा

मग वाद नोकरीचा नाहीच, आठ लाखांचा आहे! आधी तसं म्हणा की. त्याला म्हणावं, नोकरी चालू ठेव, शनिवार-रविवार सोसायटीच्या गेटबाहेर टेबल टाक, थर्मास घेऊन बस. शिकेलही आणि मालकही स्वतःच असेल. शेठची गरज काय?

भोसरीकर

गेटबाहेर टेबल टाकलं की दुसऱ्या दिवशी अतिक्रमणवाले टेबल उचलून नेतात. तेही शिक्षणच म्हणा.

बाकी फ्रँचायझीचा करार कुणी वाचलाय का? चहा पावडर आणि मसाला त्यांच्याकडूनच घ्यायची अट असेल, तर कंपनीचा नफा तिथे आहे, भाच्याचं दुकान चालो न चालो. पावडरीचा भाव वाढवायचा अधिकार कुणाकडे, हाच ब्रँड पाचशे मीटरवर दुसऱ्याला देणार का, आणि बंद केलं तर डिपॉझिटचं काय, ही तीन कलमं आधी शोधा.

गल्लेकर

करार मागवला. पावडर त्यांच्याकडूनच घ्यायची अट आहे. अंतराबद्दल एक अक्षर नाही. भाच्याला दाखवलं तर म्हणाला, "मामा, त्यांच्या शंभरेक शाखा आहेत, ते काय वेडे आहेत का?" मी म्हटलं ते शहाणे आहेत म्हणूनच सांगतोय. एखाद्या चालू शाखेत दोन रविवार बसून कप मोजायला तो तयार झालाय. घासायला नाही.

अर्धाशहाणा

रविवारचे कप मोजून काय करणार? चहा ऑफिसवाल्यांवर चालतो. मंगळवारी रजा काढून बसव त्याला. आणि तरीही म्हणतो, घेऊ दे त्याला दुकान.