शब्दचर्चा : जहाजाला किरणोत्सर्गाचा ‘संसर्ग’ होतो का?

अनुवादिका : प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवरच्या १९४६च्या अमेरिकी अणुचाचण्यांवरचा लेख मराठीत आणतेय. खलाशांच्या शरीरातून किरणं गेली ते एक, आणि जहाजाला किरणोत्सर्गी घाण चिकटली ते दुसरं. मी दोन्हीकडे ‘किरणोत्सर्गाचा संसर्ग’ लिहिलं आणि संपादकांनी दोन्हीकडे काट मारली. काय लिहू?

जुनाकोश : काट बरोबर आहे. मराठी विश्वकोशात रेडिएशनला ‘प्रारण’ आहे आणि ‘किरणोत्सर्ग’ हा पदार्थाचा गुणधर्म. खलाशांवर झाला तो प्रारणाचा मारा. गॅमा किरण अंगातून गेले म्हणून माणूस किरणोत्सर्गी होत नाही, मग संसर्ग कसला?

नांगर : पण जहाजांच्या बाबतीत ‘संसर्ग’ अगदीच चूक नाही हो. त्या चाचण्यांतला २५ जुलैचा ‘बेकर’ स्फोट पाण्याखाली सुमारे २७ मीटरवर झाला. उसळलेलं पाणी कोसळलं ते किरणोत्सर्गी तुषार घेऊन, आणि लक्ष्य म्हणून उभी केलेली जहाजं त्यात न्हाली. मग खलाशी डेकवर चढून साबण, कॉस्टिक, ब्रश घेऊन घासत बसले. रंगात, गंजात, दोरांत मुरलेलं निघेना. आणि गंमत बघा, स्फोटापासून लांब ठेवलेली मदतीची जहाजं नंतर बेटांच्या कड्यातल्या त्याच खाऱ्या सरोवरात आली, तर त्यांच्या बुडाच्या शेवाळात आणि खाऱ्याचं गोडं पाणी करणाऱ्या यंत्रांच्या क्षारांत तेच साचलं. हे लागण झाल्यासारखंच की!

मालवणी : आमची आजी याला सरळ ‘विटाळ’ म्हणाली असती. शिवलं की लागतो.

जुनाकोश : अर्थाला चपखल, पण त्या शब्दापायी माणसांनी काय काय सोसलंय! नकोच. ‘संदूषण’ घ्या, किंवा ‘किरणोत्सर्गी दूषण’. कोरडा आहे, पण फसवत नाही.

अनुवादिका : आणि डोससाठी ‘मात्रा’ चालेल? तिथे दिवसाला ०.१ रोंटजेन (प्रारण मोजायचं तेव्हाचं एकक) ही मर्यादा होती.

नांगर : ‘मात्रा’ म्हटलं की मला उगाळलेलं औषध आठवतं, बाळाला गुण येणार असं वाटतं! तरी रूढ तोच आहे, ठेवा. फक्त ‘मात्रा घेतली’ लिहू नका, ‘मात्रा बसली’ लिहा.

जुनाकोश : त्या माशाचं लेखात आहे का? किरणोत्सर्ग-सुरक्षेचे प्रमुख स्टॅफर्ड वॉरन यांनी सरोवरातल्या माशाची प्रतिमा चाचण्यांचे प्रमुख अ‍ॅडमिरल ब्लँडी यांना दाखवली. क्ष-किरण यंत्र नाही, काही नाही; माशातल्या किरणोत्सर्गानेच फिल्मवर स्वतःचा ठसा उमटवलेला. ते बघूनच १० ऑगस्टला जहाजं धुण्याघासण्याचं काम थांबलं.

अनुवादिका : आहे ना. तिथे मी ‘बाधित मासा’ लिहिलंय.

जुनाकोश : तिथे ‘किरणोत्सर्गी मासा’च हवा. ‘बाधित’ नुसता मार खाल्लेलाही असतो, हा तर स्वतःच किरणं सोडत होता.

अनुवादिका : बरं. फिल्म बॅजला काय? म्हणजे किती मात्रा बसली ते फिल्मवरून सांगणारा, अंगावर लावायचा बिल्ला. सगळ्यांना मिळालेही नव्हते ते.

मालवणी : फिल्म बॅजच. ‘चित्रपट्ट-बिल्ला’ लिहिलंत तर लोक थिएटरचा डोअरकीपर समजतील.