संग्रहालय आधी की बाग?

सहलीला गेल्यावर संग्रहालय, बाग आणि किल्ला एका दिवसात सहज उरकतं, असं काही जण म्हणतात. उरकतं हो, पण बघून होत नाही. दोनच निवडा. बाग सकाळी, ऊन चढलं की संग्रहालय. किल्ला किंवा जुनं देऊळ असेल तर उतरत्या उन्हात, तिरप्या प्रकाशात कोरीवकाम छान उठून दिसतं.

संग्रहालयातली दालनं फार अंधारी असतात अशीही तक्रार ऐकू येते, ती मात्र पटत नाही. जुनं कापड, कागद, जलरंगातली चित्रं यांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत. एकदा उडालेला रंग परत येत नाही. (फ्लॅश मारणाऱ्यांना हे कोण सांगणार!) आत गेल्यावर दोन-चार मिनिटं थांबा, डोळे सरावतात.

संग्रहालयांची साप्ताहिक सुट्टी सोमवारीच असते हे गृहीत धरू नका. हैदराबादचं सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी. इटलीतल्या पाडोवाला जाणार असाल तर चित्रकार जॉत्तोच्या भित्तिचित्रांच्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलची वेळ आधीच आरक्षित करा. पाडोवातलं १५४५ सालचं वनस्पती उद्यानही सोडू नका, त्यात १५८५ मध्ये लावलेलं पामचं झाड अजून उभं आहे.