केळीच्या फोटोंनी फुगलेली रेपो: इतिहास कापायचा की नाही?

तापीकाठ, जळगाव
केळीवरचा करपा ओळखणाऱ्या ॲपची रेपो (गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातला, कोड आणि त्याच्या सगळ्या जुन्या आवृत्त्यांचा साठा) 5 जीबीवर गेली. त्यात कोड जेमतेम 30 एमबी, बाकी सगळ्या रावेर-यावलकडच्या पानांच्या फोटोंच्या झिप. झिप आधीच दाबलेली असते, म्हणून गिटला दोन आवृत्त्यांतला नुसता फरक साठवून फारशी जागा वाचवता येत नाही. 80 एमबीच्या झिपमध्ये चार फोटो घातले तरी जवळजवळ आणखी 80 एमबी वाढू शकतात. आज फाइल काढली तरी जुन्या कमिटमध्ये (जपलेल्या बदलाच्या नोंदीत) ती असतेच. माझं मत पक्कं आहे: चालू फोटो वेगळ्या जागी हलवा, मिरर क्लोनचा (रेपोच्या हुबेहूब नकलेचा) बॅकअप घ्या आणि इतिहास नव्याने लिहिणाऱ्या फिल्टर-रेपो साधनाने 10 एमबीवरचे सगळे ब्लॉब (साठवलेल्या फाइलींचा मजकूर) उडवा.

पांझरा, धुळे
नाही पटत, भाऊ. जिथे पहिली झिप आली तिथून पुढचे सगळे हॅश (कमिटचे ओळख-क्रमांक) बदलतील. टॅग, तक्रारींमधल्या कमिटच्या लिंका, सगळं निखळेल. आणि एकाने जरी जुन्या क्लोनमध्ये नवीन इतिहास मर्ज (एकत्र) करून पुश केला (सर्व्हरवर पाठवला), तर 5 जीबी परत येऊन बसतील! त्यापेक्षा ब्लॉब-नन फिल्टर लावून क्लोन करा. कमिट आणि ट्री (फोल्डरची यादी) येतात, फाइलचा मजकूर लागेल तसा उतरतो. एका बाइटचाही इतिहास बदलत नाही.

तापीकाठ, जळगाव
लागेल तसा उतरतो, म्हणजे नेट असेल तरच. जुन्या फाइलवर ब्लेम (कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी आज्ञा) चालवा, एकेका आवृत्तीसाठी सर्व्हरकडे फेरी होते. लाइट गेली, राउटर बंद पडला, की काम जागच्या जागी. पूर्ण क्लोन तर आणखी वाईट: 95 टक्क्यांवर तुटला तरी पुन्हा शून्यापासून. हॅशचं म्हणाल तर फिल्टर-रेपो जुन्या-नव्या हॅशची जोडी कमिट-मॅप फाइलमध्ये ठेवतो. ती जपली की जुनी लिंक शोधता येते.

सातपुडा, यावल
नेटचाच प्रश्न असेल तर बंडल करा ना दादा. सगळ्या ब्रँच (कामाच्या शाखा) एका फाइलमध्ये बांधा, पेन ड्राइव्ह एसटीने पाठवा, तिथे त्यावरून क्लोन करून रिमोटचा (सर्व्हरचा) पत्ता बदला, मग फेच केलं की फक्त नवं येईल. फक्त पेन ड्राइव्ह एक्सफॅट असू द्या. फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, कॉपी तिथेच अडते.
एलएफएस (मोठ्या फाइली रेपोबाहेर ठेवणारी गिटची जोडणी) घ्यायचं असेल तर ध्यानात ठेवा: नुसतं ट्रॅक केल्याने जुन्या झिप हलत नाहीत, मायग्रेट करावं लागतं आणि त्यातही हॅश बदलतातच. ज्याच्याकडे एलएफएस बसवलेलं नसेल त्याला झिपच्या जागी तीन ओळींची मजकूर फाइल मिळते: व्हर्जन, ओआयडी (फाइलची ओळख), साइझ. झिप उघडत नाही, आणि माणूस दिवसभर कोडमध्ये चूक शोधत बसतो.

पांझरा, धुळे
बंडलचं मान्य. पण कापायचंच ठरलं तर आधी प्रत्येकाचं काम पुश करून घ्या, पुश बंद करा, मग कापा. जुने क्लोन पुसायलाच लावा, पुल करून भागत नाही. सर्व्हरवर जुन्या झिप येताच नाकारणारा हुकही (पुश आला की आपोआप चालणारी तपासणी) बसवा. एवढी तयारी होत नाही तोवर मी विरोधातच.

तापीकाठ, जळगाव
हुक हवाच, 5 एमबीच्या मर्यादेचा. तो आजच बसवू, कापणं नंतर. नंतर तुलना करता यावी म्हणून काउंट-ऑब्जेक्ट्स या आज्ञेची साइझ-पॅक ओळ (रेपोचा आकार) आज लिहून ठेवतो.