सिमेंटचे कवेलू (कौलं) वाऱ्यानं उडाले. सांध्यात सिमेंट भरू का स्क्रू मारू?

आर्वीकडचा:
राम राम मंडळी. घर वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात, वावराला लागून. पश्चिमेला आडोसा म्हणून एक बाभूळही उरली नाही. टिनं काढून सिमेंटचे कवेलू टाकले, कारण उन्हाळ्यात टिनाखाली माय झोपू शकत नव्हती. खाली लोखंडी चौकोनी पाइपाच्या कैच्या (छपराचे तिकोनी सांगाडे), त्यावर कवेलू अडकवायला पाइपाच्याच आडव्या रिपा. पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, आडवं ९ फूट, चढ साडेतीन फूट. कवेलू ४२० बाय ३३० मिलिमीटरचे, एकेक साडेचार किलोच्या आसपास. समोर पश्चिमेला मोकळी छपरी आहे, तेच पाखं सलग तिच्यावर उतरलं आहे.

परवाच्या वादळात छपरीवरची वळचणीची ओळ जवळजवळ सगळी गेली. बाजूच्या तिकोनी भिंतीवरची कडेची ओळ सरकून वाकडी झाली, आढ्यावरचे काही निसटले. मधलं पाखं मात्र जागचं हललं नाही. एक कवेलू गव्हाणीपाशी येऊन फुटला, तेव्हा बैल वावरात होते म्हणून बरं.

मिस्त्री म्हणते, "लोखंडाला खिळा लागत नाही, म्हणून नुसते अडकवले. एवढं वजन आहे. आता सगळ्या सांध्यात सिमेंट भरून देतो." भाऊ म्हणते, परत टिनंच टाक. मिरगाच्या आत काम उरकायचं आहे. काय करू?

नागपूर सिव्हिल:
वजनाचा हिशेब करून पाहा. तुमच्या मापाचे कवेलू एका चौरस मीटरला साधारण १० बसतात, म्हणजे ४४-४५ किलो. ताशी १०८ किलोमीटरचा झोत आला की वाऱ्याचा दाब होतो चौरस मीटरला ५५ किलोच्या घरात. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट, हे लक्षात ठेवा. इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक आहे आयएस ८७५, त्याच्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. कवेलूंच्या फटींतून हवा निसटते, त्यामुळे कवेलू वर उचलणारी प्रत्यक्ष ओढ या आकड्यांपेक्षा कमी असते. पण वळचण, बाजूची कड, आढं आणि कोपरे इथं ती मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते. तुमची छपरी मोकळी आहे, म्हणजे वरून ओढ आणि खालून रेटा, दोन्ही एकदम. मधलं का वाचलं आणि कडा का गेल्या, ते यातच आलं.

भंडाऱ्याचा:
टिनाचं नाव काढू नका भाऊ. पत्रा चौरस मीटरला पाच किलोही भरत नाही. नीट जे-हूक न मारता वर दगडं ठेवणारे आमच्या गावात ढीगभर आहेत. वारा आला की पत्रा एकीकडे आणि दगड माणसाच्या डोक्यात.

दारव्ह्याचा सुतार:
वरच्या साहेबांनी हिशेब बरोबर सांगतला, मी हाताचं काम सांगतो. आमच्या घरी छपराचंच काम चालते, पहिले सागाचे फाटे आणि मातीचे कवेलू, आता पाइप आणि सिमेंटचे.

पहिली गोष्ट, सांध्यात सिमेंट भरू देऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, खाली लोखंडाची कैची तापते, फुगते, रात्री आखडते. कवेलूला थोडं हलायला जागा पाहिजे. सगळं जाम करून टाकलं की एक तर सिमेंट तडकते, नाही तर कवेलू. मग त्या बारीक भेगेतून पाणी आत ओढल्या जाते आणि गळते कुठून ते सापडत नाही. वरून साहेब म्हणते ती फटीतून निसटणारी हवाही बंद होते.

लोखंडाला खिळा लागत नाही हे खरं आहे, पण स्क्रू लागते ना! पत्र्याला मारतात तोच सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, झिंकचा मुलामा असलेला. कवेलूच्या वरच्या टोकाला छिद्र असते किंवा छिद्राची खूण असते, आरपार नसते. ते मोकळं करायचं. त्यावर वरच्या ओळीचा कवेलू चढते, म्हणून तिथून गळायचं भेव नाही. ड्रिल लावाल तर ठोक्याचं बटन बंद ठेवा, नाही तर मागचा टेका, म्हणजे रिपेत अडकते तो दात, तुटून हातात येते. आणि स्क्रू कचकचून आवळू नका. डोकं टेकलं की थांबा, कवेलू बोटानं जरासा हलला पाहिजे. पोट्टे मशीन लावतात आणि कर्रकन आवळतात, दुपारच्याला उन्हात तो कवेलू आपोआप चिरते.

आता वळचणीची ओळ. इथं नुसता वरचा स्क्रू पुरत नाही, वारा खालचं टोक उचलते. डब्याचं झाकण कडेनं उघडतो तसं. म्हणून पहिल्या ओळीच्या खालच्या टोकाला क्लिप पाहिजे. कंपनीची क्लिप तालुक्याला भेटत नाही बहुतेक. फॅब्रिकेशनवाल्याकडून दीड मिलिमीटरच्या जीआय, म्हणजे झिंकचा मुलामा असलेल्या, पट्टीचे आकडे वळवून घ्या, एक टोक रिपेला स्क्रूनं, दुसरं कवेलूच्या ओठावर. तारेनं बांधायचं असन तर जीआय तार घ्या. सळाख बांधतात ती काळी बाइंडिंग तार घेऊ नका, दोन पावसाळ्यात गंजून जाते आणि आपण समजतो बांधलेलं आहे.

बाजूची कड: तिकोनी भिंतीवरच्या ओळीतला एकूण एक कवेलू स्क्रूनं पक्का करा, त्याच्या आतली ओळही करा. कडेखाली वारा शिरू नये म्हणून भिंत आणि कवेलू यातली फट मसाल्यानं बंद केली तर चालते, पण तो मसाला कवेलू धरून ठेवीन असं समजू नका.

आढ्याचंही तसंच. सगळीकडं पाहतो, आढ्यावर मालाचा जाड थर, त्यात कवेलू दाबला, झालं. तो माल सुकून सुटते. वरून दिसत नाही, हात लावला की अख्खा तुकडा उचलून येते. आढ्याच्या वर एक पट्टी उभी वेल्ड करून घ्या, आणि आढ्याचा प्रत्येक कवेलू रबरी वायसरच्या स्क्रूनं त्या पट्टीला धरा. हा स्क्रू उघड्यावर राहते म्हणून वायसर पाहिजेच.

उतार तुमचा २१ अंशाच्या आसपास येते, ठीक आहे. पण कवेलूवर कवेलू किती चढला ते मोजा. तीन इंचाच्या खाली असन तर आडवा पाऊस आत घुसणार. पश्चिमेच्या पाख्याला मी चार इंच ठेवतो, थोडे कवेलू जास्त लागतात, लागू द्या.

आणि हे सगळं करून कैचीच भिंतीवर नुसती टेकवलेली असन तर मग अख्खं छप्पर एकसाथ जाईन. कैचीच्या पायाखाली प्लेट आणि बोल्ट पाहिजे, तो काँक्रीटच्या पट्ट्यात गाडलेला. वरच्या विटेत ठोकलेला बोल्ट विटेसकट निघते.

आर्वीकडचा:
दादा, लय उपकार. कैचीला प्लेट-बोल्ट आहेत, बीममध्ये आहेत, ते मी उभं राहून करून घेतलं होतं. कवेलूवर कवेलू किती चढला ते मोजलं, तीन इंच पुरा आहे. आता मधलं पाखं शाबूत आहे, तेही सगळं उतरवून स्क्रू मारायचे का? मजुरी परवडत नाही.

दारव्ह्याचा सुतार:
उतरवायची गरज नाही. वरच्या कवेलूचं खालचं टोक जरासं उचलून त्याला वर सरकवा, दोन-तीन इंच जाते, खालच्याचं छिद्र उघडं पडते. स्क्रू मारा, वरचा परत खाली ओढा. खालून आढ्याकडे जायचं. एक माणूस सरकवते, एक मारते.

पहिले वळचण, दोन्ही कडा आणि आढं. तिथं हयगय नाही. छपरीवरचा भाग मात्र सगळाच करा, प्रत्येक कवेलू, कारण तिथं खालून वारा आहे. घरावरच्या मधल्या भागात सध्या एकाआड एक ओळ केली तरी यंदा निभते, उरलेलं दिवाळीनंतर. इंग्लंडातल्या कायद्याच्या पुस्तकात २०१४ पासून असे एकेरी चढणीचे, म्हणजे फक्त खालच्या एका ओळीवर चढणारे, सगळेच कवेलू पक्के करा म्हणते, असं आमच्या इथं आलेल्या एका साइट इंजिनियरनं सांगतलं होतं.

नागपूर सिव्हिल:
हो, बीएस ५५३४. ते मानक आहे, कायदा नाही. त्यात आढ्याचेही नुसत्या मसाल्यावर चालत नाहीत.

भंडाऱ्याचा:
स्क्रूचा एक फायदा कोणी सांगितला नाही. माकडं! आमच्याकडे टोळी आली की या पाख्यावरून त्या पाख्यावर उड्या मारते, मातीचे तर फोडतेच, सिमेंटचेही जागचे सरकवून ठेवते. मग वारा त्याच फटीतून शिरते. दर वर्षी मिरगाच्या आधी एकदा शिडी लावून पाहात जा.

दारव्ह्याचा सुतार:
खरं आहे. आणि आर्वीवाले, दुरुस्तीला हात लावायच्या आधी सगळ्या बाजूनं फोटो काढा आणि तलाठ्याला सांगून पंचनामा करून घ्या. वर चढाल ते सकाळीच, दुपारी कवेलूवर हात ठेववत नाही. पाय द्याल तो कवेलूच्या खालच्या टोकाकडे, जिथं खाली रीप आहे, मधात नाही. त्या पोट्ट्याला स्क्रू आवळू नको म्हणून दोनदा सांगा.