विमान पडतं तेव्हा खरं नुकसान कोणाचं?

मृण्मयी
परवा शेअर बाजाराच्या धाग्यावर एकांनी लिहिलं, "अहमदाबादच्या अपघातात सगळ्यात मोठा फटका टाटांना बसला. मेहनतीनं सावरलेलं नाव एका दुपारीत गेलं, वर माणशी एक कोटी दिले. लोकांनी आता अजून किती मागायचं?" डोकं फिरलं. तिथं दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा धागा.

12 जून 2025 ला टाटांच्या एअर इंडियाचं विमान अहमदाबादला पडलं. विमानातले 241 गेले, जमिनीवरचे 19. विमानाचा विमा होता, प्रवाशांना द्यायच्या भरपाईचा विमा होता, आणि त्याचा बराचसा भार परदेशातल्या पुनर्विमा कंपन्यांवर, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्यांवर, होता. एकूण दावा 475 दशलक्ष डॉलरच्या आसपास जाईल असा अंदाज तेव्हा सगळीकडे छापून आला. यातले कंपनीच्या तिजोरीतून किती गेले? हप्ता वाढला तर तोही आपल्याच तिकिटातून वसूल होणार.

आता घरच्यांचं बघा. मंगळूरला 22 मे 2010 ला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान दरीत गेलं, 158 माणसं गेली. त्यातल्या एका कुटुंबाला 7 कोटी 64 लाखांचा निकाल मिळायला सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं. निकाल 2020 चा. दहा वर्षं! या दहा वर्षांची किंमत कोणत्या ताळेबंदात दिसते?

कोथरूडकर
तो प्रतिसाद माझाच, आणि मी त्यावर ठाम आहे. विमा विमानाचे आणि देण्यांचे पैसे देतो, रिकाम्या गेलेल्या सीटचे नाही. अपघातानंतर एअर इंडियानं मोठ्या विमानांची आंतरराष्ट्रीय उड्डाणं 15 टक्क्यांनी कमी केली. ते उत्पन्न कोण भरून देणार?

मलेशिया एअरलाइन्सचं काय झालं आठवा. 2014 च्या मार्चमध्ये त्यांचं एमएच 370 हे विमान गेलं, जुलैमध्ये एमएच 17. वर्ष संपायच्या आत सरकारी निधीनं कंपनी पूर्ण ताब्यात घेतली, पुढे सुमारे 6,000 लोकांच्या नोकऱ्या गेल्या. दुसरं विमान तर क्षेपणास्त्रानं पाडलं होतं. त्या सहा हजारांचा काय गुन्हा? आणि टाटा सन्सचे एक कोटी कायद्यानं मागितलेले नव्हते. मॉन्ट्रियल करारातली, म्हणजे विमान प्रवाशांच्या भरपाईच्या आंतरराष्ट्रीय करारातली, देणी वेगळी आहेत. हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

मृण्मयी
एक कोटी कायद्याच्या पलीकडचे होते, ठीक आहे, मान्य. पण मलेशिया एअरलाइन्स दोन्ही अपघातांच्या आधीपासून तोट्यात होती. आणि मॉन्ट्रियल काढलंतच तर पूर्ण सांगा. माणशी 1,51,880 एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे अपघाताच्या वेळच्या दरानं साधारण 1.8 कोटी रुपयांपर्यंत, नुकसान सिद्ध झालं की 'आमची चूक नव्हती' म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. तो हक्क आहे, मेहेरबानी नाही.

बीजेवाला
सगळे प्रवाशांवरच बोलताय. मी पुण्याच्या बीजे मेडिकल कॉलेजचा. विमान जिथं पडलं त्या अहमदाबादच्या बीजे मेडिकलच्या मेसचे फोटो आले त्या दिवशी वॉर्डमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं. टेबलावर अर्धी जेवलेली ताटं, आणि वर भिंत फोडून आत आलेला विमानाचा भाग. जमिनीवर गेलेल्या त्या 19 जणांना मॉन्ट्रियल करार लागूच होत नाही, तो प्रवाशांपुरता आहे. ज्यांनी तिकीटही काढलं नव्हतं त्यांच्या घरच्यांना वेगळी वाट शोधायची. यावर धागा काढा.

नाना_नागपूर
एवढी चर्चा कशाला? प्राथमिक अहवालात लिहिलंय की उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच बंद झाले. स्विच आपोआप हलत नाहीत. वैमानिकानं केलं असेल तर कंपनीची बदनामी कशासाठी?

रानवारा
नाना, वयाचा मान ठेवून सांगते, हे वाक्य मागे घ्या. माझा भाचा वैमानिक आहे. अहवालात काय आहे? एक विचारतो, इंधन का बंद केलंस. दुसरा म्हणतो, मी नाही केलं. कोण कुठलं वाक्य बोललं तेही दिलेलं नाही. एवढ्यावर तुम्ही मेलेल्या माणसाला आरोपी केलंत? त्याला उत्तर द्यायला येता येत नाही, म्हणूनच तो सगळ्यांना सोयीचा. नावाचं नुकसान मोजायचंय ना? मग त्या घरांचं मोजा. कॅप्टनच्या नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, आणि तुमच्या मुलाला कुणी दोष देत नाही हे न्यायालयाला त्यांना सांगावं लागलं.

नाना_नागपूर
भावनेनं तपास होत नाही ताई. मी आरोप केला नाही, शक्यता मांडली.

हर्षद_शारजा
नाना, हीच 'शक्यता' 2018 मध्ये इंडोनेशियाच्या लायन एअरचं बोइंग 737 मॅक्स पडलं तेव्हा त्याच्या वैमानिकांबद्दल मांडली गेली होती. पाच महिन्यांत इथिओपियात दुसरं 737 मॅक्स पडलं, आणि मग विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणाऱ्या एमकॅस प्रणालीचं सगळं बाहेर आलं. दोन्ही मिळून 346 माणसं गेली. 2021 मध्ये बोइंगनं अमेरिकी सरकारशी 2.5 अब्ज डॉलरचा समझोता केला. त्यातले 1.77 अब्ज गेले विमान कंपन्यांना, विमानं उभी राहिली म्हणून. मृतांच्या वारसांना 50 कोटी डॉलर. विमानं उभी राहण्याची भरपाई माणसं जाण्याच्या साडेतीनपट! कोथरूडकर, कंपन्यांचं नुकसान कोण भरून देतं विचारत होतात ना?

कोथरूडकर
तो समझोता बोइंगचा, विमान कंपनीचा नाही. विषय ढकलू नका. नाना, तुम्हीही अंतिम अहवालापर्यंत थांबा, उगाच माझी बाजू कमकुवत करताय.

सातारी_कंदी
अवांतर होईल, पण लिहितोच. माझे वडील एका खासगी बसच्या अपघातात गेले. तेराव्याच्या आत विम्याचा माणूस घरी. फॉर्ममध्ये प्रश्न: पगार किती, अवलंबून कोण कोण, मुलीचं लग्न झालंय का. आईनं त्याला चहा दिला आणि माझ्याकडे बघत विचारलं, ताईचं लग्न झालं म्हणून पैसे कमी होतात का रे? अहमदाबादच्या काही कुटुंबांच्या लंडनच्या वकिलांनी आगाऊ भरपाई देताना भरून घेतलेल्या अशाच प्रश्नावलीबद्दल तक्रार केली होती, एअर इंडियानं आरोप फेटाळला होता. खरंखोटं माहीत असल्याचा माझा दावा नाही. पण तो कागद समोर आल्यावर कसं वाटतं ते मला माहीत आहे.

कोथरूडकर
सातारी, यावर माझ्याकडे उत्तर नाही. आगाऊ रकमेसाठी असे प्रश्न विचारूच नयेत, इतपत मान्य. पण कंपनी बुडाली तर उरलेली देणीही लटकतात आणि हजारो घरं उघड्यावर येतात, हा मुद्दा कायम.

मृण्मयी
कंपनी बुडावी असं मी एकदाही लिहिलेलं नाही. किती कुटुंबांना अंतिम रक्कम मिळाली, किती कोर्टात आहेत, जमिनीवरच्या 19 जणांचं काय झालं, हे दर सहा महिन्यांनी जाहीर करा. याला किती खर्च येतो?

बीजेवाला
त्यात भाजून जगलेल्यांचाही कॉलम टाका. मृतांचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. स्किन ग्राफ्टिंगला पुन्हा पुन्हा ऑपरेशन टेबलावर जाणाऱ्यांची फाइल बंद होत नाही.

नाना_नागपूर
यादी जाहीर करायला माझी हरकत नाही. स्विचबद्दल माझं मत तेच.

रानवारा
मत ठेवा. अंतिम अहवाल येईपर्यंत इथं लिहू नका.