शब्दचर्चा: 'टाकलंय पण चालत नाहीये', याला नेमकं काय म्हणायचं?

रामबागकर (इंदूर)

इथे इंदूरला आमच्याकडे कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मराठी घरांतली पोरं लॅपटॉप घेऊन येतात, आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "काकू, पायथन टाकलंय पण चालत नाहीये." पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, तिच्या जागी कधी जावा, कधी नोड, कधी गिट, अशीच प्रोग्रामिंगला लागणारी साधनं. मला या वाक्यातल्या दोन्ही क्रियापदांवर इथे बोलायचंय, कारण अर्धा वेळ मशीन दुरुस्त करण्यात जात नाही, पोराला काय म्हणायचंय ते काढण्यात जातो.

आधी 'टाकणे'. आपल्या इकडे हिंदीतलं 'डाल दिया' कानावर असतं म्हणून ते सहज येतं, पण 'विंडोज टाकून घेतली' असं पुण्या-मुंबईची मंडळीही म्हणतातच. अडचण अशी की या एका शब्दात तीन कामं कोंबली जातात. इन्स्टॉलरची फाइल नेटवरून उतरवली हे एक, ती चालवून प्रोग्राम मशीनवर बसवला हे दुसरं, आणि तो कुठे बसलाय हे टर्मिनलला, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीला, समजेल अशी जोडणी केली हे तिसरं. पोराचं पहिलं झालेलं असतं, बरेचदा दुसरंही, तिसऱ्याची त्याला कल्पनाच नसते, आणि सांगताना मात्र तिन्ही उरकल्यासारखं 'टाकलंय'. पायथनच्या विंडोजवाल्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच पानावर खाली पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम कुठे कुठे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीत, जोडायचा चौकोन असतो, त्यावर आधीपासून टिक नसते, आणि वरचं 'इन्स्टॉल नाऊ' दाबून सगळे मोकळे होतात. म्हणून मी आता विचारते, उतरवलंस? बसवलंस? जोडलंस? तीन प्रश्न, तीन उत्तरं, आणि बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाला पोरगं स्वतःच थांबतं.

आता 'चालत नाही'. हा शब्द तर त्याहून मोघम. मला त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी दिसतात: सापडतच नाही, सापडतंय पण दुसरंच सापडतंय, सापडलं पण परवानगी नाही, आणि चालू झालं पण मधेच पडलं. चारही वेळा पडद्यावर इंग्रजीत वेगळा मजकूर येतो आणि चारही वेळा उपाय वेगळा, पण मराठीत सगळ्याचं 'चालत नाही'.

विंडोजच्या काळ्या खिडकीतला तो मजकूर एकदा नीट वाचून बघा. 'पायथन' इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड, ऑपरेबल प्रोग्राम ऑर बॅच फाइल. यातलं इंटर्नल म्हणजे सीडी, डीआयआर असले आदेश, ज्यांची वेगळी फाइल नसते, ते त्या खिडकीच्या प्रोग्रामच्या अंगातच असतात, मी त्यांना 'अंगचे आदेश' म्हणते. एक्स्टर्नल म्हणजे ज्याची डिस्कवर फाइल असते. म्हणजे तो सांगतोय की हा माझा अंगचा आदेश नाही, मी चालू फोल्डरमध्ये बघितलं, मग पाथच्या यादीतल्या एकेका फोल्डरमध्ये बघितलं, या नावाचं काही हाती लागलं नाही. पायथन मशीनवर नाही असं तो कुठेच म्हणत नाहीये. लिनक्स आणि मॅकवर हेच सरळ 'कमांड नॉट फाउंड' असं येतं आणि ते मला जास्त प्रामाणिक वाटतं, 'ओळखलं नाही' म्हटलं की पोराला वाटतं आपण बसवलेलं सॉफ्टवेअरच खराब आहे, की लगेच अनइन्स्टॉल, परत इन्स्टॉल, परत तेच. मराठीत 'पायथनचा पत्ता लागत नाहीये' म्हटलं तर किती नेमकं होतं बघा.

तुमच्याकडे या गोष्टींना काय म्हणतात? आणि 'पाथ'ला मराठीत काही बरा शब्द आहे का?

सुपरकॉरिडॉर

ताई, 'पत्ता लागत नाही' एकदम पटलं. पाथबद्दल सांगतो, कारण ऑफिसात नवीन पोरांना समजावताना मी नेहमी इथेच अडकतो. इंग्रजीतच या शब्दाचे दोन अर्थ आहेत. 'फाइलचा पाथ दे' म्हणतो तेव्हा एका फाइलचा पूर्ण पत्ता हवा असतो. 'पाथमध्ये जोड' म्हणतो तेव्हा तो पाथ म्हणजे फोल्डरांची यादी असते, १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये शेल, म्हणजे आदेश घेणारा प्रोग्राम, हीच यादी बघायचं, आजही तेच चाललंय. विंडोजवर यादीतली नावं अर्धविरामाने तोडलेली असतात, लिनक्स-मॅकवर विसर्गासारख्या दोन टिंबांनी. नाव एकवचनी आणि आत यादी, त्यामुळे नवीन माणूस तिथे एकच पत्ता असतो असं समजून चालतो. म्हणून मी पहिल्याला 'पत्ता' म्हणतो आणि दुसऱ्याला 'शोधयादी'. हा शब्द कोशात असेल-नसेल, पण एकदा शोधयादी म्हटलं की क्रम महत्त्वाचा हे वेगळं सांगावं लागत नाही, वरून खाली बघत जायचं आणि पहिलं जे मिळेल ते घ्यायचं, पुढचं बघायचंच नाही. एकाच मशीनवर दोन पायथन असले की जुनंच चालू होतं ते यामुळे.

अजून एका क्रियापदावर माझा खरंच आक्षेप आहे. 'पाथ बदल.' कृपा करून कोणी असं सांगू नका. ऐकणारा आधीचं सगळं पुसतो आणि त्या जागी आपलं एक फोल्डर लिहितो, मग संध्याकाळी म्हणतो की आता तर काहीच चालत नाहीये. 'शोधयादीत भर घाल' म्हणा. आणि विंडोजवर सेटएक्स आदेशाने भर घालायला लावू नका, तो १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकतो, लांब यादी असेल तर शेपूट गेलीच. सेटिंगमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची खिडकी उघडून 'न्यू' दाबून जोडायचं, तिथे 'मूव्ह अप'ने वर-खालीही करता येतं.

जावा-होमचं, म्हणजे जावा कुठे बसलाय ते सांगणाऱ्या सेटिंगचं, मात्र बरोबर उलटं. तिथे यादी नसते, एकच घर असतं. जेडीकेचं, म्हणजे जावाच्या संचाचं, मूळ फोल्डर द्यायचं, त्यातलं बिन नावाचं फोल्डर नाही. पोरं शोधयादीत बिन टाकायची सवय झाली म्हणून इथेही बिन टाकतात आणि मग जावाचे प्रोजेक्ट बांधणारं मेव्हन ओरडतं.

लोकमान्यनगर

मी थोडं वेगळं बोलते, रागावू नका. एरर इंग्रजीत येणार, गूगलवर इंग्रजीत शोधायची, इंटरव्ह्यूलाही पाथच विचारणार, शोधयादी कोण विचारतंय? माझा मुलगा मराठी घरात बोलतो, शाळा इंग्रजी, मित्र हिंदी, त्यात तुम्ही चौथा शब्द दिला तर तो अजून गोंधळेल. पाथला पाथच राहू द्या, टर्मिनलला टर्मिनल. मराठीच्या प्रेमापोटी त्याचं नुकसान होऊ नये एवढंच.

रामबागकर (इंदूर)

रागवायचं काय त्यात, तुमचं म्हणणं रास्त आहे. एरर आहे तशी, अक्षरशः, कॉपी करूनच पाठवायची, हे तर मी पोरांकडून घोकूनच घेते. फोटो नको, आठवून लिहिलेलं तर नकोच. माझा भर नामांवर नाहीच आहे. पाथ, फोल्डर, टर्मिनल, पॅकेज खुशाल राहू देत. पण क्रियापद तर आपण मराठीच वापरतो ना? तुमचा मुलगा 'पाथ चालत नाहीये' म्हणेल की 'पाथमध्ये सापडत नाहीये' म्हणेल, यात सगळा फरक आहे. पहिल्या वाक्यावर मी काहीच सांगू शकत नाही, दुसऱ्यावर लगेच सांगू शकते. आणि असा नीट विचार करायला घरची भाषा लागते, पोरं अडचणीत आली की तीच बोलतात.

अजून एक, 'एरर'. टर्मिनलमध्ये लाल-पिवळं काही दिसलं की 'एरर आली'. पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन, शेवटी सांगतं की पिपची नवी आवृत्ती आली आहे, ती नुसती सूचना. अमुक गोष्ट पुढे काढून टाकणार आहोत, असं येतं तो इशारा, काम झालेलं असतं. एरर ती जिथे काम थांबतं. सूचना, इशारा, चूक हे तिन्ही शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत, त्यात फरक करायची सवयही आपल्याला आहे, इथे तेवढी विसरतो.

बडोदेकर

चर्चा छान चाललीये. बडोद्यात शब्दांच्या बाबतीत एक जुनी रीत होती, ती सांगतो. सयाजीराव महाराजांच्या राज्यात कारभाराच्या शब्दांचा सयाजीशासनशब्दकल्पतरू निघाला, १९३१ साली. त्यात इंग्रजी संज्ञेसमोर गुजराती, मराठी, हिंदी, संस्कृत, फारसी अशा भाषांतले शब्द शेजारी शेजारी मांडलेत. मला त्यातली मांडणी आवडते, कुठल्या भाषेत तो अर्थ किती जवळून पकडलाय ते एका नजरेत कळतं. आपणही इथे तेच करावं, इंग्रजी शब्द काढू नये, त्याच्या शेजारी आपला ठेवावा.

माझा प्रश्न 'एन्व्हायर्नमेंट'चा. कोणी 'पर्यावरण' लिहितं, आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं मग 'आभासी पर्यावरण' होतं, जे वाचून झाडंच डोळ्यासमोर येतात. काय म्हणावं?

सुपरकॉरिडॉर

काका, पर्यावरण नकोच. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटला मी 'वेगळा कप्पा' म्हणतो. पायथनमध्ये ही सोय ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, सोबतच येते. एका प्रोजेक्टला जे जे लागतं ते त्याच्या कप्प्यात, दुसऱ्याचं दुसऱ्याच्या. 'ॲक्टिव्हेट' म्हणजे काही जादू नाही, मुख्य काम एवढंच की त्या कप्प्याचं फोल्डर शोधयादीत सगळ्यात वर ठेवलं जातं, म्हणून पायथन म्हटलं की कप्प्यातलं मिळतं. उबंटू या लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांवर थेट पिप चालवलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असं येतं, त्याचा अर्थ मशीनच्या स्वतःच्या पायथनला हात लावू नकोस, कप्पा कर. तिथे पोरं 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' हा पर्याय लावून रेटतात, ते करू देऊ नका, मशीनचीच कामं त्या पायथनवर चालतात.

आणि विंडोजवर पॉवरशेल या दुसऱ्या टर्मिनलमध्ये ॲक्टिव्हेट केलं की कधी कधी 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड' येतं. हे ताईंच्या चारपैकी तिसरं, सापडलं पण परवानगी नाही. पायथन परत बसवून उपयोग नाही, त्या युजरपुरती स्क्रिप्ट चालवायची परवानगी द्यायची, नाहीतर साध्या कमांड प्रॉम्प्टमधून ॲक्टिव्हेट करायचं.

डिपेंडन्सीलाही शब्द शोधायची गरज नाही, 'याला काय काय लागतं' इतकं मराठीत पुरतं.

लोकमान्यनगर

'रिस्टार्ट कर' हाही एक शब्द घ्या मग. मुलाला कोणीतरी सांगितलं रिस्टार्ट कर, त्याने टर्मिनल बंद करून उघडलं, तरी तेच.

रामबागकर (इंदूर)

अगदी बरोबर पकडलंत, 'काय' रिस्टार्ट करायचं ते कोणी सांगत नाही. प्रोग्राम सुरू होताना शोधयादीची प्रत सोबत घेऊन निघतो, बाजारात जाताना चिठ्ठी खिशात टाकावी तसं, मागे घरच्या यादीत भर पडली तरी खिशातली चिठ्ठी जुनीच. मुलाने टर्मिनल व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्रामच्या आतलं उघडलं असेल तर त्याला चिठ्ठी व्हीएस कोडकडून मिळते, आणि व्हीएस कोड स्वतः जुनी घेऊन बसलेला. व्हीएस कोडच्या सगळ्या खिडक्या बंद करून परत उघडायला सांगा. अख्खा लॅपटॉप बंद-चालू करायची गरज सहसा नसते.

ग्वाल्हेरचा विद्यार्थी

नमस्कार काकू, मी बीसीएला आहे, सगळं वाचून लिहून राहिलोय. माझं तुमच्या दुसऱ्या प्रकारातलं आहे बहुतेक. उतरवलं, बसवलं, यादीत हाताने जोडलं पण. पायथन लिहिलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. पायथन कुठे आहे ते बघायला 'व्हेअर पायथन' केलं तर पॉवरशेलमध्ये काहीच येत नाही, एररही नाही.

रामबागकर (इंदूर)

किती नीट लिहिलंस रे, यावरून लगेच सांगता येतं. पॉवरशेलमध्ये 'व्हेअर' हे दुसऱ्याच एका आदेशाचं टोपणनाव आहे, म्हणून काही दिसत नाही. तिथे व्हेअर डॉट ईएक्सई असं पूर्ण लिही, नाहीतर गेट-कमांड पायथन, पुढे डॅश ऑल. मग तुला दोन ओळी दिसायला हव्यात, वरच्या ओळीत विंडोज-ॲप्स नावाचं फोल्डर असेल. विंडोज १० च्या २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून तिथे पायथन नावाची एक पोकळ फाइल ठेवलेली असते, तिचं काम तुला स्टोअरवर नेणं. तू हाताने भर घातलीस म्हणून तुझं फोल्डर यादीत तिच्या खाली गेलं. 'मूव्ह अप'ने तुझं वर घे, नाहीतर सेटिंगमध्ये 'ॲप एक्झिक्युशन एलियासेस' शोधून तिथली पायथनची दोन्ही बटणं बंद कर. मग नवं टर्मिनल उघड.

ग्वाल्हेरचा विद्यार्थी

दोन ओळी आल्या काकू, विंडोज-ॲप्सवाली वरच होती. बटणं बंद केली, आता ३ पासून सुरू होणारा आवृत्तीचा नंबर येतोय. पिप मात्र अजून सापडत नाहीये. सापडत नाहीये म्हणजे 'नॉट रेकग्नाइज्ड'च, परवानगीचं काही नाही.

सुपरकॉरिडॉर

पिपची फाइल पायथनच्या फोल्डरच्या आतल्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये असते, तू फक्त पायथनचं जोडलंयस. ते पण यादीत टाक, किंवा तोवर पायथन, मग डॅश एम, मग पिप असं लिही, म्हणजे ज्या पायथनला हाक मारलीस त्याचंच पिप चालेल. मी तर हा दुसरा मार्गच सुचवेन, नेहमी.