मदत हवी आहे: ड्वार्फ फोर्ट्रेस – किल्ला १४ एफपीएसवर आलाय

खाणवाला:
लोकहो, ड्वार्फ फोर्ट्रेस, म्हणजे बुटक्यांचा किल्ला वसवायचा संगणकावरचा खेळ, त्याची स्टीमवरची (ऑनलाइन दुकानातली) आवृत्ती खेळतोय. किल्ल्याचं आठवं वर्ष, १८० च्या आसपास बुटके, जागा नेहमीचीच ४×४ चौकोनांची. गेल्या आठवड्यापर्यंत ३५-४० एफपीएस (खेळ सेकंदाला किती पावलं पुढे सरकतो तो आकडा) मिळायचे, तक्रार नव्हती. आता १४. पडद्यावर त्याच्या शेजारी कंसात दिसणारा चित्रांच्या वेगाचा आकडा मात्र ५० वर ठाम आहे, म्हणजे चित्र काढायला अडचण नाही, हिशोबच तुंबलाय.

खेळातलं वर्ष ४,०३,२०० टिकचं, म्हणजे तितक्या पावलांचं, असतं. १०० च्या वेगाने ते तासा-सव्वातासात सरतं, १४ ने आठ तास लागतात. नोकरी आहे हो मला.

तापमानाचा हिशोब बंद करून पाहिला, ढिम्म फरक नाही. वाहतं पाणी किंवा पंप कुठेच नाहीत. नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन उपयोग होईल का? आणि हा बग समजायचा की किल्लाच सुजलाय?

निशाचर:
कार्डाचे पैसे वाचवा. या खेळाचं बहुतेक काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (हिशोब करणाऱ्या एका भागावर) चालतं, कार्ड नुसतं बसून राहील. खर्च करायचाच असेल तर मोठ्या कॅशेचा (प्रोसेसरमधल्याच जलद मेमरीचा) प्रोसेसर बघा. रायझन ५८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅशे आहे. हजारो वस्तू आणि जीव मेमरीत विखुरलेले असतात, त्यामुळे प्रोसेसरचा बराच वेळ माहिती येण्याची वाट बघण्यातच जातो. सेटिंग्जमध्ये मल्टिथ्रेडिंगचा (काम अनेक कोअरमध्ये वाटण्याचा) पर्याय आहे, तो आधी चालू करा. फुकट आहे.

उंटावरचा_शहाणा:
बग कसला? २००६ पासून हा खेळ असाच आहे. किल्ला वाढला की खेळ असा रेंगाळतो, त्याला 'एफपीएस डेथ' हे नाव खेळाडूंनीच ठेवलंय. त्यापेक्षा हल्ला करणारे गॉब्लिन परवडले.
प्रत्येक जीवाला दुसरा कोण दिसतोय हे तपासावं लागतं. १०० जीव असतील तर ९,९०० जोड्या, २०० असतील तर ३९,८००. जीव दुप्पट, काम चौपट. बुटके १८० म्हणालात, जनावरांचा आकडा सोयीस्कर गाळलात. मांजरं किती?

खाणवाला:
साठेक. कापायची तर कशी, प्रत्येकीने आपापला मालक निवडून ठेवलाय, मग कापता येत नाही. पण साठ मांजरं महिनाभरापूर्वीही होतीच की.

मनीमाऊ:
हेच विचारणार होते. लोकसंख्या एका आठवड्यात दुप्पट होत नाही, मग वेग असा धाडकन कसा पडला? त्या सुमारास नवीन काय बांधलंत? दारं, पूल, कुलपं?

खाणवाला:
बांधलं काही नाही. टॅव्हर्नच्या (दारूच्या गुत्त्याच्या) आणि कोठाराच्या दारांवर पाळीव प्राण्यांना बंदी घातली. मांजरं दारू पिऊन मरतात असं वाचलं होतं.

मनीमाऊ:
मग बहुतेक सापडलं. ती दारू प्रकरणाची गोष्ट २०१५ ची. टॅव्हर्न नवीन आले होते, सांडलेली दारू मांजरांच्या पायांना लागायची, अंग चाटताना थेंबाऐवजी अख्खा पेला पोटात गेल्याचा हिशोब व्हायचा. तो दोष कधीच दुरुस्त झालाय.

तुमचा घोळ दाराचा आहे. एका जागेवरून दुसरीकडे पोचता येतं का, याचा नकाशा खेळ आधीच तयार ठेवतो. भिंत आडवी असेल तर उत्तर लगेच 'नाही', शोधाशोध होतच नाही. पण बंदी घातलेलं दार बुटक्यांना उघडं असतं, म्हणून नकाशा म्हणतो 'पोचता येतं'. मांजर रस्ता शोधायला निघते, दाराशी अडते, मग दुसऱ्या वाटेच्या आशेने अख्खा किल्ला धुंडाळला जातो. हाती काही लागत नाही आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. साठ मांजरं.

बंदी उठवा आणि आकडा सांगा.

उंटावरचा_शहाणा:
हे पटलं. पण मग याला बग म्हणायला हरकत काय? दाराची सोय खेळानेच दिली आहे ना!

निशाचर:
हरकत आहे. प्रत्येक जातीच्या प्राण्यासाठी वेगळा नकाशा ठेवायचा तर एक भिंत पाडली की तितके सगळे नकाशे सुधारत बसावं लागेल. कुठेतरी तडजोड येणारच. मी याला मर्यादा म्हणेन.

उंटावरचा_शहाणा:
आठ तासांचं वर्ष भोगणाऱ्याला मर्यादा काय आणि बग काय, सारखंच.

खाणवाला:
बंदी उठवली. काही मिनिटांत ३१, मल्टिथ्रेडिंगही चालू केल्यावर ३६-३७. मनीमाऊ, दंडवत! आता मांजरांचं काय करू?

मनीमाऊ:
नर खच्ची करा, शेतकऱ्याच्या वर्कशॉपमध्ये होतं. नवीन पिल्लं मालक निवडायच्या आत पिंजऱ्यात. एका पिंजऱ्यात कितीही मावतात, आणि आतला प्राणी रस्ते शोधत फिरत नाही. मोठ्या मांजरांपैकी उंदीर मारायला चार-पाच मोकळी ठेवा, बाकीची तीही पिंजऱ्यात.

उंटावरचा_शहाणा:
आणि मागच्या वेढ्यात मेलेल्या गॉब्लिनांचे फाटके मोजे अजून बाहेर पडले असतील, तेही आवरा. उचलपुलाखाली टाकायचे, पूल वरून पाडायचा, मोजे जगातून नाहीसे.